हौदावरची हजेरी

अण्णा, उद्या मला नगरपालिकेच्या सभागृहात बोलायचं आहे आणि विषय तुमचा आहे. गाव वाढलंय. वाढलेल्या जव्हारचा नवा आराखडा भिंतीवर लावलाय. त्यात बस उभ्या राहायला जागा आहे, भाजीबाजाराला आहे, बागेला आणि बागेतल्या कारंज्यालाही आहे. गुरांच्या दवाखान्याला नाही. या वयात लोक मला बोलावतात ते बहुतेक हार घालायला. या वेळी मात्र मी स्वतः जाऊन नाव दिलं. तीन दिवस भाषण लिहायला बसतेय, आणि दर वेळी चार ओळींनंतर लक्षात येतं की मी सभेला नाही, तुम्हाला सांगतेय. म्हणून भाषणाचे कागद बाजूला सारले आणि हे सरळ तुम्हालाच लिहायला घेतलं. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता कितीतरी मोठी आहे. तरी ‘तुम्ही’शिवाय हात पुढे सरकत नाही.

तुमचा दवाखाना मला आठवतो तो वासाने. फिनेल, ओलं शेण, आणि पोट फुगलेल्या बैलाला तुम्ही पाजायचा त्या टर्पेंटाइनचा झणका. कौलारू दोन खोल्या, समोर जनावराला हलता येऊ नये म्हणून उभा केलेला सागाचा खोडा, आणि त्याच्याही पुढे, अगदी रस्त्याला लागून, काळ्या दगडाचा लांबट हौद. संस्थान होतं तोवर तुम्ही पागेतले सलोत्री, घोड्यांचे वैद्य. संस्थान विलीन झालं, पागा रिकामी झाली, घोडे कुठे कुठे गेले आणि सरकारने तुम्हाला गुरांच्या दवाखान्यात ‘स्टॉकमन’ केलं. लोकांनी त्याच दिवशी डॉक्टर केलं. आईने विचारलं, “म्हणजे आता बदललं काय?” तुम्ही म्हणालात, “पाठीवर बसणारे बदलले. शेपटीकडे उभा राहणारा मीच.”

सकाळी तुम्ही हौदापाशी करंजाच्या झाडाला टेकून उभे असता. हातात काही नाही. नुसते बघता. मोखाड्याकडून लाकूड घेऊन आलेल्या गाड्यांचे बैल येतात, गल्ल्यांतल्या म्हशी येतात, शेळ्या मध्येच घुसतात, एखादं कुत्रं सांडलेलं पाणी चाटून जातं. कोण पाणी ओढून पितं, कोण नुसतं हुंगून मान वळवतं, रोज पुढे असणारी म्हैस आज मागे का राहिली, हे सगळं तुम्ही डोळ्यांनी टिपता. आई चिडायची. “पगार काय पाणी बघायचा देतात का?” तुमचं उत्तर ठरलेलं. “लेक शाळेत हजेरी घेते, मी इथं घेतो. जनावर आजारी आहे हे मालकाला उद्या कळतं, हौदाला आज.”

एकदा मी शाळेत शिकवायला जाताना तुम्ही एका गाडीवानाला थांबवलं होतं. “डावा बैल प्यायला नाही. जू उतरव.”

“वखारीत लाकूड द्याचं हाय, डाक्टर. उद्या बघू.”

“उद्या हा बसला तर लाकूड तू ओढशील का?”

“वडायला बायको हाय ना घरी,” तो हसत म्हणाला. पण जू उतरवलं. त्या बैलाच्या जिभेखाली काटा निघाला, एवढंच. तुम्ही तो काटा त्याच्या तळहातावर ठेवलात आणि पुन्हा झाडाला टेकलात. मला वाटलं, एवढा मोठा माणूस, दिवसभर काटे काढत बसतो.

मी तेव्हा तेवीसची. मुलींच्या शाळेत शिकवत होते, वाचनालयाची कपाटं उपसून झाली होती आणि बोलायला उभी राहिले की माणसं उठून जात नाहीत, हे मला नुकतंच कळलं होतं. नवी कचेरी आली, कोर्ट आलं, वसतिगृहं आली. पुण्या-नाशकाकडचे कारकून बिऱ्हाडं घेऊन आले. त्यांना सकाळ-संध्याकाळ चहा लागे, चहाला दूध लागे, म्हणून परसापरसात म्हशी आल्या. खानावळी निघाल्या, खानावळींच्या मागे खरकटं साचलं आणि खरकट्यावर कुठून कुठून कुत्री जमली. तुम्ही एकदा जेवताना म्हणालात, “लोकांना वाटतं गाव मोठं झालं की गुरं कमी होतात. उलटं आहे. माणूस एकटा राहायला येत नाही, त्याच्या मागून दूध येतं, ओझं येतं, उष्टं येतं आणि प्रत्येकामागे एक जनावर येतं.” मी ऐकलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. मला तेव्हा मोठ्या गोष्टींत रस होता.

मग ती सभा झाली. गावातल्या मोकळ्या जागा कशाला द्यायच्या हे ठरवायला ठाण्याहून साहेब आले होते. मुलींच्या शाळेला दोन वर्ग हवे होते आणि मध्यावरची, सपाट, रस्त्याला लागलेली जागा एकच होती. मी उठले. माझं ते भाषण मला आजही शब्दशः येतं. “मुलींना बसायला फरशी नाही आणि म्हशींना भर बाजारपेठेत दगडी हौद! राजवट गेली तरी गावाच्या छातीवरचा तबेला गेला नाही. आम्हाला शहर व्हायचं आहे की गोठा?” टाळ्या पडल्या. साहेबांनी मान डोलावली. तुम्ही शेवटच्या रांगेत भिंतीला लागून उभे होतात. चपलेला शेण होतं, म्हणून सतरंजीवर आला नव्हतात.

रात्रीच्या जेवणाला आईने नागलीची भाकरी वाढली आणि आपल्या दोघांच्या तोंडांकडे बघत बसली. तुम्ही शांतपणे जेवलात. हात धुवून आल्यावर म्हणालात, “बोललीस छान. एक विचारू?”

“विचारा.”

“सकाळी हौदावर कधी उभी राहिलीस?”

“मला वेळ नसतो, अण्णा.”

“तेच म्हटलं,” असं म्हणून तुम्ही पान लावायला बसलात. एवढाच तुमचा राग. मी मात्र रात्रभर मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं देत होते.

ते दोन वर्ग झाले. त्यांत मी पुढे तीस वर्षं शिकवलं, आणि पाड्यांवरून आलेल्या मुली तिथे वाचायला शिकल्या. त्याचा पश्चात्ताप मला आजही नाही, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. पण दवाखाना गेला गावाबाहेर दोन मैल, उन्हाळ्यात जिथे माणसालाही पाणी मिळत नाही त्या उतारावर. तिथे खोडा नेला, औषधांचं कपाट नेलं, पाटी नेली. हौद नेता येत नव्हता. तो फोडला आणि त्याचे दगड माझ्याच वर्गाच्या पायऱ्यांना लागले. गल्लीतल्या म्हशी आता घरी घमेल्यात पाणी पिऊ लागल्या. कोण प्यालं, कोण नाही, हे एकट्या मालकाला दिसायचं, आणि मालक कामात असायचा. तुम्ही काही दिवस तळ्याच्या काठाला जाऊन उभे राहिलात. तिथेही थोडी गुरं येत. लोक हसून म्हणायचे, डॉक्टर म्हशी मोजतात. मग तिथून तुम्ही दोन मैल चालत कामावर जायचा.

मीही रोज पहाटे त्याच तळ्यावर जायची, पण पलीकडच्या बाजूला. पाण्यावर आवाज टाकून बोलायचा सराव करायची. येताना वाटेत म्हशीवालीचा गोठा लागे. ती जामसरची. भाताचं एक पीक, तेही पावसाच्या मर्जीवर. म्हणून नवरा-बायको दोन म्हशी घेऊन गावात आली होती. तिच्याकडे मी थेट धारेचं, निरसं दूध घ्यायची. त्याने आवाज खुलतो असं कुणीतरी सांगितलं होतं. घरी हे माहीत नव्हतं. तुम्ही न उकळलेलं दूध कुणाला पिऊ देत नसा.

“घे बाय, ऊन ऊन हाय,” ती लोटा पुढे करी. “एवढी वराडतेस तळ्यावर, मासं पळून गेलं सगळं. लगीन झाल्यावर नवऱ्याचं काय व्हायचं?”

“नवरा करतंय कोण?”

“आसंच बोलत जा. मग दूध मलाच पाजावं लागंल जलमभर.”

ते आंब्याचे दिवस होते. एका सकाळी मी गेले तर ती म्हशीसमोर बसलेली. माझ्या वाट्याचं दूध जिच्या धारेचं असायचं तीच ही म्हैस. तोंडाला लाळेच्या तारा, मान ताणलेली आणि मधूनच एक चमत्कारिक घोगरा हंबरडा. “कोय आडाकली,” ती म्हणाली. “परवा टोपलीतलं आंबं खाल्लं हिनं. पानी गिळवंना.”

मी म्हणाले, “अण्णांना बोलावू का?”

तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. “डाक्टर आता लांब गेलं, बाय. तू जाशील, ते येतील, तवर ही गुदमरून मरंल.” आणि तिने बाही सरकवली. डोंगरातल्या बायका हे लहानपणापासून करत आल्या आहेत. कोय अडकली की जीभ एका बाजूला ओढायची आणि कोपरापर्यंत हात आत घालायचा. मी दावं धरलं. अण्णा, मी दावं धरलं होतं. कोय नव्हती. हात बाहेर आला तेव्हा बोटांच्या पेरांवर दाढेचे दोन ओरखडे होते. तिने ते पदराला पुसले.

मी घरी आले आणि तुम्हाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही एक शब्दही न बोलता दोन मैलांचा विचार केला असता, आणि तो विचार मला तुमच्या तोंडावर दिसला असता.

संध्याकाळी कामावरून परतताना तुम्ही रस्त्यातच थांबलात. गोठा दिसतही नव्हता, नुसता हंबरडा ऐकू आला होता. घरी येऊन मला म्हणालात, “चल माझ्याबरोबर. तिच्या म्हशीचा आवाज बसलाय. बाईमाणूस घाबरेल, तू असलेली बरी.” गोठ्यात तुम्ही म्हशीला हात लावला नाहीत. लांबूनच बघितलंत. मागच्या पायावर, खुराच्या वर, एक जुनी भरलेली जखम होती. तुम्ही ती काठीने दाखवलीत. “हे कधीचं?”

“झाला आसंल म्हयना. कुतरा चावला हुता. खानावळीमागचा.”

“पाणी कधीपासून नाही?”

“तीन दिस. घमेल्यात तोंड घालती आन् काढती.”

“तोंडात कुणी हात घातला?”

ती हसली. “मीच. कोय निघंना बघा.”

तुम्ही तिचा हात धरलात. साबण मागितलात आणि वाहत्या पाण्याखाली तो हात धूत राहिलात, धूत राहिलात. तिचा नवरा दुसरी घागर घेऊन आला, मग तिसरी. ती लाजून म्हणाली, “सोडा की डाक्टर, साबन संपला.” तेव्हा तुम्ही सांगितलंत. म्हैस पिसाळली आहे, ती जाणार. तू मात्र राहशील, पण उद्याच्या पहिल्या एस्टीने नाशिकला जायचं, पोटात चौदा सुया घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. ती खाली बसली. तिने म्हशीकडे बघितलं, मग हाताकडे. रडली नाही. एवढंच म्हणाली, “पानी पीत नवती तवाच तुमी बघितलं आसतं.” कुणालाच उद्देशून नाही. मी तिथेच उभी होते.

मग तुम्ही तिच्या दुधाची घरं एकेक करून फिरलात आणि मी मागून. प्रत्येक दारात एकच प्रश्न, दूध उकळलं होतं का? उकळलेल्या दुधाचं भय नाही हे समजावून सांगत, घाबरलेल्यांना बसवून. शेवटचं घर आपलं. आई म्हणाली, दोनदा उकळी येते. तुम्ही माझ्याकडे वळलात.

“तू कुठे निरसं घेतलं नाहीस ना?”

“नाही.”

“बरं.”

आता सांगते का नाही म्हणाले ते. भीती होतीच, पण तिच्यामुळे नव्हे. रविवारी मोखाड्याला माझं भाषण होतं. आणि त्या एस्टीत मी चढले असते तर सगळ्या गावाने बघितलं असतं की हौद हलवणारी बाई हौद नसल्यामुळे सुया घ्यायला चालली आहे. वादात हरण्यापेक्षा मरण बरं, असं तेविसाव्या वर्षी खरंच वाटतं.

तुम्ही त्या दोघांना घेऊन नाशिकला गेलात आणि तिसऱ्या दिवशी एकटे परत आलात. पिशवीतून एक पितळी फुलपात्र काढलंत, नाशिकच्या तांबटाकडचं. “भाषणाच्या आधी पाणी पीत जा. घसा राहतो.” मी हरखले. भाषणाबद्दल तुम्ही पहिल्यांदाच काही दिलं होतं. लगेच म्हणालात, “आ कर बघू. तोंड आल्यासारखी बोलतेस.” आणि अंगठ्याने जबडा खाली ओढून, जीभ वर करायला लावून, खिडकीच्या उजेडात माझं तोंड आतून बघितलंत.

“मी काय बैल आहे?” मी ओरडले.

“बैल असतीस तर न विचारता बघितलं असतं.” मग हात धुतलात आणि म्हणालात, “काही नाही. साफ आहे.”

दुसऱ्या सकाळपासून तुम्ही माझ्यासमोर पाणी ठेवायला लागलात. उठले की फुलपात्र भरलेलं. पिऊन होईपर्यंत तुम्ही काहीतरी निमित्त काढून तिथेच. आणि सभांना यायला लागलात. रविवारी मोखाड्याला पुढच्या रांगेत. नंतर खोडाळ्याला. भर उन्हात सूर्यमाळला, शेवटची चढण पायी, जिथे पाड्यावरच्या बायकांनी माझ्यासाठी लांबच्या झऱ्यावरून आणलेलं घोटभर पाणी मी त्या फुलपात्रात घेतलं. मी जमिनींवर बोलले, शाळांवर बोलले, दारूवर बोलले. फुलपात्र उचलून पहिला घोट घेतला की मान वर करायची, आणि समोर तुम्ही. इतक्या एकाग्रतेने मला आजवर कुणीही बघितलेलं नाही. मला वाटलं, जिंकलं. ज्या माणसाला मी त्याच्या हौदावरून उठवलं, त्यालाही माझ्या शब्दांनी अखेर बसवलं. परत येताना तुम्ही भाषणाबद्दल काही बोलायचा नाहीत. तेही मला मोठ्या मनाचं वाटायचं.

थंडी पडली आणि तुम्ही यायचं थांबवलंत. मी विचारलं तर म्हणालात, काम आहे. सकाळचं पाणीही माझं मी घ्यायला लागले. मला ते लागलं, अण्णा. वाटलं, मी काहीतरी बोलले असेन जे तुम्हाला पटलं नाही. मानी मी, विचारलं नाही. तुम्ही नंतर चार वर्षं होतात, आणि त्या चार वर्षांत मी तुमच्याशी जरा कोरडीच वागले, हे तुम्हालाही जाणवलं असेल. लोकांसमोर मात्र मी तुमचं नाव काढत राहिले. वडील सूर्यमाळपर्यंत चालत आले मुलीचे विचार ऐकायला, हे वाक्य मी किती व्यासपीठांवर म्हटलं असेन! त्याला टाळ्या हमखास.

गेल्या वर्षी म्हशीवालीला भेटायला जामसरला गेले. ती आहे अजून. डोळे गेलेत, जीभ शाबूत आहे. मी पडवीत बसले तर म्हणाली, “कोन, तळ्यावरची का? मासं आलं परत.” बोलता बोलता नाशिकचं निघालं, सुया, पोटावरची सूज. मग ती सहज म्हणाली, “तुझ्यासाठी लई काळजी केली बापानं तुझ्या.”

“माझ्यासाठी कशाला?”

“आगं, एस्टीतच सांगितलं ना मी त्यांला. म्हटलं, बाय बी तिचंच निरसं प्यायची, तिला बी द्या सुया. मंग दवाखान्यात मोठ्या डाक्टराला इचारलं, दूध प्यालेल्याचं काय? त्यो म्हनला, तोंडात जखम नाय ना बघा. नसली तर भ्या नाय जवळजवळ. सुया बी वाईटच आसतात, कुनाचं पाय जातात त्यानं. सा-सात म्हयनं पानी पितेय का, तेवढी नजर ठेवा.”

“तू मला कधी बोलली नाहीस.”

“त्यांनी नको म्हनलं. म्हनलं, ती नाय म्हनालीय. तिला खोटी पाडायची नाय. मी हाय ना.”

मी परतीच्या बसमध्ये बसले आणि एकेक सभा डोळ्यांसमोर आली. मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ. तुम्ही कानांनी तिथे नव्हतातच. तुम्ही करंजाला टेकून उभे होतात. मी जमिनींवर बोलत होते, शाळांवर बोलत होते, आणि पुढच्या रांगेत एक माणूस फक्त एवढंच बघत होता की आज हिने पाणी हुंगलं, की गिळलं. पहिला घोट घशाखाली गेला की तुमच्या खांद्यांना जी सैल पडायची सवय होती, तिला मी सहमती समजले. त्यानंतरचं भाषण तुम्ही ऐकलं असेल, नसेल. मला वाटतं नसेलच. एकदा तर चक्क डोळा लागला होता तुमचा, आणि मी ते चिंतन समजले होते.

उद्या मी काय बोलणार ते आता ठरलंय. मी म्हणणार आहे की ज्या गावात बस येते त्या गावात म्हैसही येते, आणि आराखड्यात बसची जागा आखणाऱ्याने म्हशीची आखली नाही तर ती जागा रोग आखून घेतो. मी ठाणं बघितलं, कल्याण बघितलं, नाशिक वाढताना बघितलं. प्रत्येक गावाने शहर होताना पहिल्यांदा गुरांचा दवाखाना वेशीबाहेर ढकलला आणि गुरं मात्र घरामागे राहिली. कुत्री, शेळ्या, कोंबड्या, ओझ्याचे बैल, सगळी आपल्याच भिंतीला लागून जगतात, आपलंच उष्टं खातात आणि त्यांचा ताप आपल्याच दारात येतो. दवाखाना म्हणजे आजारी जनावर नेऊन घालायची जागा नव्हे. रोज बघणाऱ्याची जागा. म्हणून मी गावाच्या मध्यावर दवाखाना मागणार, आणि दवाखान्यापुढे हौद मागणार. कुणी म्हणेल, आता नळ आहेत, हौद कशाला? त्याला मी विचारणार, सकाळी कधी उभे राहिलात? शिवाय हेही सांगणार की कुत्रं चावलं, पिसाळलेल्या जनावराच्या तोंडात हात गेला, तर घरी पुसत बसू नका, धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा; आता सुया पोटात नाहीत, दंडात आहेत. आणि हौद फोडायला लावला तो मीच, हेही सांगणार. शाळा की दवाखाना, असा प्रश्न मी लोकांपुढे टाकला होता. तो प्रश्नच लबाड होता. मुलींना वर्ग हवेच होते. त्यासाठी तुमचं झाड तुमच्या पाठीमागून काढायची गरज नव्हती. एवढं मला त्या व्यासपीठावर कबूल करता येईल. माझ्या भाषणांना वजन येतं ते अशा कबुलीने, हेही मला अनुभवाने कळतं.

पण निरशा दुधाचं मी बोलणार नाही. दोन-तीनदा भाषणात लिहून पाहिलं आणि खोडलं. तुम्ही जे सहा-सात महिने जपलंत ते मला टाळ्यांना द्यायचं नाही, असं मी स्वतःला सांगते. खरं कारण त्याहून लहान आहे. सूर्यमाळचं ते वाक्य मला अजून सोडवत नाही. गेल्या वर्षी, जामसरहून आल्यानंतरही, मी ते एका सभेत म्हटलं. खोटं आहे हे माहीत असताना म्हटलं, आणि टाळ्या पडल्या तेव्हा मला बरं वाटलं. उद्याही ते तोंडातून येईल की काय, याची मला भीती वाटते.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. घडी घालून फुलपात्राखाली ठेवते, ते उद्या पिशवीत जाईल तेव्हा हा इथे टेबलावर राहील. मी निरसं घेतलं होतं, अण्णा. तुम्हाला माहीत होतं. पण मी सांगितलेलं नव्हतं. आता पाणी पिते. खिडकीकडे तोंड करून, जरा सावकाश.